उदयपूरच्या बूथमधला फोन

अहो,

काल भीलवाड्याहून तुमचे मिलमधले दोस्त दिनकरभाऊजी आले होते. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, आणि ते आत्ता येतायत भेटायला! गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे अडकले होते म्हणे. चहा घेता घेता त्यांनी जे सांगितलं, ते तुम्ही मला इतकी वर्षं का सांगितलं नाहीत? हे विचारायलाच लिहिते आहे.

मिल बंद पडली तेव्हा आपला मिल-कामगारांचा परदेशीपुरा एकाएकी गप्प झाला. तुम्हीही झालात. दिवसभर ओट्यावर बसायचात. जेवता का विचारलं, तर मान हलवायची.

मला तुमचं आधीचं बोलणं आठवायचं. साचेखात्यात माग चालू असले की शेजारच्याचंही ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही सगळे आवाज न करता नुसते ओठ हलवून बोलायचात. लग्नानंतर ते मलाही शिकवलंत. एका खोलीत आई, वन्सं आणि आपण. त्यांच्यासमोर तुम्ही विचारायचात, "रागावलीस?" मी पोळी लाटता लाटता उत्तर द्यायची. किती भांडणं केली आपण अशी, कुणाला पत्ता न लागता! मिलबरोबर तेही बंद झालं.

मग दिनकरभाऊजींनी भीलवाड्याच्या नव्या कारखान्यात तुमच्यासाठी शब्द टाकला. ते आधीच तिकडे गेले होते. बायकामुलांची सोय नव्हती, चार पुरुषांत एक खोली. "जागा बघून येऊ," म्हणालात. लहानग्या मंदारला आईंपाशी ठेवून आपण स्कूटरवर निघालो. वाट वाकडी करून उदयपूरला नेलंत. "डोंगरातलं शहर आहे. तू कुठे पाहिलंयस?" एवढंच बोललात. घाटात मी मागे बसून तुमच्या पाठीकडे बघत होते. हा माणूस मला फिरायला नेतोय, की निरोप देतोय?

उदयपूरला भोजनालयात शिरलो. दाराशी जनरेटर धडधडत होता. ताट आलं आणि तुमचे ओठ हलले. "डाळ पातळ आहे."

मी घास हातात घेऊन बसून राहिले. किती महिन्यांनी! मग मीही तसंच म्हटलं, "गोडही आहे." मग तुम्ही काहीतरी म्हणालात, मग मी. थांबेचना आपण.

गल्ल्यावरचा मालक बघत होता. तो आत ओरडला, "बेचारे दोनों गूंगे हैं, गरम रोटी भेजो!" आणि जवळ येऊन मला खुणेनं विचारलं, पोट भरलं का?

तुम्ही मान वर केलीत. "भिया, घी भी लगा देना!"

तेही मिलच्या भोंग्यासारख्या आवाजात! बिचारा मागच्या बाकावर आदळला. "तो इतनी देर से ये क्या चल रहा था?"

"घरवाली से बात," तुम्ही म्हणालात, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात.

हसू ओसरल्यावर मी ओठांनीच म्हटलं, "मला भीती वाटते."

तुम्ही उठलात. हात धुतलेत आणि समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरलात. मी काचेबाहेर उभी. तुमचे ओठ वाचता येणारी मी, आणि तुम्ही माझ्याकडे पाठ केलीत! बाहेर येऊन म्हणालात, "चल, घरी जाऊ."

पुढे आपल्या गावातच, कृष्णपुऱ्याजवळच्या कापडाच्या दुकानात नोकरीला उभे राहिलात, ते अखेरपर्यंत. कापड विणणारा माणूस दुसऱ्यांनी विणलेलं मापून फाडत राहिला. मंदार मोठा झाल्यावर म्हणायचा, "बाबा तेव्हा भीलवाड्याला गेले असते तर सुपरवाइजर झाले असते." मी ऐकून घ्यायची. मला वाटायचं, माझ्या एका वाक्यानं तुम्ही अडकलात. फोनवर तुम्ही भाऊजींना माझंच नाव सांगितलं असणार, बायको सोडत नाही म्हणून. विचारायचं धाडस कधी झालं नाही. आणि तुम्हीही असे! आपणहून कधी काही सांगाल तर शपथ.

काल भाऊजी म्हणाले, "वहिनी, मी तेव्हा असा भडकलो होतो ना! सेठजींना सांगून ठेवलेलं, और ये साहब फोनवर हसतायत. म्हणे, 'दिनकर, हॉटेलवाला आत्ताच मला गूंगा समजला. तिकडे एकटा आलो तर पक्का गूंगा होईन. घाट चढतानाच ठरवलंय, येत नाही.' मी फोन आपटला."

"घाटातच?" मी विचारलं.

"हाँ वहिनी, घाटातच."

"नक्की?"

"अहो, कसम से!"

म्हणजे मी तोंड उघडायच्या आधीच! काल मी पोटभर जेवले. सूनबाई बघतच राहिली.

तुमचं ते दुकान अजून आहे. तुम्ही तिथे होतात तेव्हासुद्धा मी त्या रस्त्यानं जायची नाही. खांद्यावर ठाण घेतलेले तुम्ही दिसाल म्हणून मागच्या गल्लीनं वळसा घालायची. आता नाही घालणार. सोमवारी सूनबाईला घेऊन सरळ दुकानात जाईन आणि मंदारच्या शर्टाचं कापड तिथूनच आणीन. भावही करीन चांगला. शर्ट त्याच्या हातात देताना सांगेन, तुझ्या बाबांना कुणी अडवलं नव्हतं.

तुमची,
सुधा