दहा मिनटं हसायचं

बारामती

माझे आई,

तुला आन आबांला हितनंच पाया पडते.

आमी समदी बरी हाय. छकुली आता पालथी पडती. फोनवर बोलताना वन्सं जवळच असत्यात, म्हणून कागदावर लिवतीया.

वन्सं वाईट न्हाईत. माझं भलं व्हावं म्हणूनच त्यांनी सकाळी शिवणक्लास, दुपारी दहावीची पुस्तकं आन सांजच्याला बचत गटातल्या बाईंचं भाषण लावून दिलंय. मी म्हणलं, दमते. तर बाई म्हणल्या, "रोज दहा मिनटं स्वतःसाठी हसायचं." वन्संनी त्याचा बी गजर लावला. गजर वाजला की मी हसते आन छकुली रडती.

शिकायचं मला बी हाय गं. पण मंगळवारी तिला पाजता पाजता डोळा लागला. जाग आली तवा पोर मांडीवरनं घसरून शिलाई मशीनच्या पायाशी पडलेली. लागलं काय न्हाय, तू घाबरू नको. मी मातूर आजून घाबरलेलीच हाय. कुणाला सांगितलं न्हाय, ह्यांला बी न्हाय.

उजनी धरणाचं पाणी उतरलं का? पाण्यात बुडालेलं जुनं देऊळ दिसाय लागलं का? आबांला सांग, मी आल्याबिगर तिकडं होडी नेऊ नका. रविवारी येतीया. वन्संला सांगितलंय, आईला बरं न्हाय. त्यांचा फोन आला तर जरा खोक.

घरी आल्यावर काय काय शिकलीस म्हणून इचारू नको. होडीत छकुलीला तू घे, आन मला निजू दे.

तुझी,
निकिता