समुद्राच्या पाहणीबद्दल मामांस

भोकरदन
दि. १४ फेब्रुवारी १९७४

तीर्थरूप मामांस जावई साहेबराव याचा सविनय जय भीम.

इकडे सगळे खुशाल आहेत, मला सोडून. तुमचा गुडघा कसा आहे, आणि मामी दोन्ही वेळा जेवायला लागल्या की अजून वसंताच्या काळजीने एकाच वेळेवर आहेत, ते कळवावं. काल हर्णैहून पोचलो. खरं तर समक्षच वाटूरला येणार होतो, पण उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने पाठीची सालं निघाली आहेत, एसटीच्या बाकाला टेकता येत नाही, आणि इतक्या लांब उभ्याने प्रवास करून सासुरवाडीला येणं जावयाला शोभत नाही. म्हणून लेखी कळवतो. (प्रभावती पाठीला खोबरेल लावते आणि हसते. मुलगी तुमची आहे, समज तुम्हीच द्यावी.)

तुमचा वसंता हर्णैला तात्पुरत्या कामावर आहेच, त्याला आता तिथल्या मासेमारीच्या होडीवर इंजिन मेकॅनिकची कायम नोकरी मिळते आहे, तर ते पाणी आपल्या पोराच्या लायकीचं आहे की नाही हे बघून यायला तुम्ही मला पाठवलं. मी तलाठी, म्हणजे पाहणीची सवय, आणि पंचक्रोशीतल्या विहिरींत माझ्यासारखा पोहणारा नाही, ही दोन्ही कारणं रास्तच होती. माझ्या एका शब्दावर पोराची नोकरी राहणार किंवा जाणार, हे मी चार एसट्या बदलताना सारखं मनाला बजावत होतो. मंडळी म्हणतात समुद्र फार मोठा आहे. मला त्यात अतिशयोक्ती आढळली नाही. पूर्वेस किनारा आहे. बाकी तिन्ही बाजूंस हद्दीचा दगड कुठेही दिसला नाही. पाणी मुबलक, पण एकाही पिकाच्या कामाचं नाही. (चव स्वतः घेतली. एकदा मुद्दाम, नंतर पुष्कळदा.)

होडीचे मालक धर्मा तांडेल सज्जन गृहस्थ आहेत. मोठ्या होडीचं इंजिन वसंताने खोलून किनाऱ्यावर मांडलं होतं, म्हणून शनिवारी आम्ही तिघे छोट्या होडीतून शिडावर निघालो. शीड म्हणजे धोतराचं मोठं पान समजावं. वारा भरला की होडी आपल्याला न विचारता चालू लागते. अर्ध्या तासात प्रभावतीने दिलेल्या दशम्या, ज्या मी खाल्ल्या होत्या, त्या समुद्राला परत कराव्या लागल्या. तांडेल तोंड फिरवून बसले. वसंताने मात्र पाहिलं. आता पाहणी करणाराच असा पडला तर अहवालाला वजन काय राहणार, म्हणून मी सदरा काढला. उतरण्याआधी सवयीने तांडेलांना विचारलं, हे पाणी कुणाचं? ते म्हणाले, कुणाचंच नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मामा, आपण दोघांनी कुठल्या विहिरीवर काय काय ऐकून घेतलंय ते लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मला तिथे जरा भरून आलं, आणि मी उडी मारली.

पुढची चूक माझीच. मी जन्मभर विहिरीत पोहलो. विहिरीत माणूस कडेकडेने गोल फिरतो, दमला की भिंतीच्या दगडाला हात घालतो. सवयीप्रमाणे मी डावीकडून गोल निघालो आणि दगड शोधू लागलो. दगड आला नाही. मी आणखी जोरात गोल फिरलो. असे होडीला सात फेरे झाले असतील. तांडेलांना वाटलं पाहुण्यांचा काही नवस आहे, प्रदक्षिणा चालली आहे. म्हणून ते मध्ये बोलले नाहीत, हात जोडून उभे राहिले. सातव्या फेऱ्याला मी खाली जाऊ लागलो तरी त्यांना तो साष्टांग नमस्काराचा भाग वाटला.

तेव्हा वसंताने उडी मारली. आपला वसंता, मामा! जो तुमच्यादेखत विहिरीच्या तिसऱ्या पायरीखाली कधी उतरला नाही. माझ्या दंडाला धरून म्हणाला, "दाजी, गोल नका फिरू, इथं भिंत न्हाई. मंग काय, सरळ चला." आणि मला सरळ होडीपाशी घेऊन आला. धापही लागली नाही त्याला. तिथे तो पाण्याला भीत नाही. का, ते मी त्याला विचारलं नाही.

मामींना माझा शिरसाष्टांग नमस्कार. त्यांनी पोटभर जेवावं.

आपला आज्ञाधारक,
साहेबराव

ता. क. : मामींना पत्र वाचून दाखवताना माझी उडी गाळावी. वसंताची उडी तर मुळीच वाचू नये. होडी मोठी आणि पाणी गुडघाभर, एवढं पुरे.

ता. क. २ : महत्त्वाचं राहूनच गेलं. रविवारी तांडेल नोकरीचं काय ठरलं ते विचारायला आले. वसंता माझ्याकडे बघत उभा. मी सांगून टाकलं, की मामांनी मी निघायच्या आधीच होकार दिलाय. पोरगं तिथेच वाळूत बसलं आणि रडलं. तेव्हा सोबत तुमच्या संमतीचा कागद जोडला आहे. मजकूर मी लिहिला आहे, तारीख मी निघायच्या आदल्या दिवसाची घातली आहे. तुम्ही फक्त सही करावी. होडी वसंताला घेऊन सोमवारी पहाटेच गेली.