नकाशातला पांढरा भाग

प्रिय सम्मेद,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय. संध्याकाळी जनरेटर सुरू झाला की डोंगरातल्या तुमच्या रस्त्याच्या कॅम्पावर नेट येतं, तेव्हा हे उतरेल. जेवायच्या आधी वाच, आणि "अक्काचं सुरू झालं परत" म्हणून बाजूला ठेवू नकोस. मी घाबरले आहे. ऑफिसात फाउंड्रीवाल्यांच्या बिलांचा साधा प्रोग्रॅम लिहिताना चुका होतायत. त्यात इतके दिवस आण्णांपासून तोंड लपवत फिरले, कारण तू मला त्यांचीच शपथ घातलीस.

तुला गंमत वाटायची ना, की जिनं बर्फ म्हणून फक्त रंकाळ्यावरचा गोळा पाहिलाय, ती हिमस्खलनाचं सॉफ्टवेअर लिहिते? आण्णा तर पाहुण्यांना सांगतात, "आमची दीपा संगणकात बर्फ पाडती, तेबी फुकटात!" फुकटात हे खरंच आहे. देशोदेशीची मोजकी माणसं मिळून आम्ही ते लिहितो. सगळं उघडं असतं, कुणीही घ्यावं, कुणीही वापरावं. डोंगराचा नकाशा द्यायचा, बर्फ कुठून सुटेल आणि किती जाड असेल ते सांगायचं, की तो लोंढा कुठवर जाईल ते रंगात दिसतं. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासल्याशिवाय आत जात नाही, मग लिहिणारा कितीही शहाणा असो. मला हे काम मनापासून आवडतं. पण ते कोण कुठे वापरतं हे आम्हाला कळत नाही, आणि त्याची भीती मला तुझा फोटो येईपर्यंत कधी वाटली नव्हती.

केवढ्या हौसेने पाठवलास! पत्र्याच्या शेडच्या भिंतीवर चिकटवलेला नकाशा, ओढ्यापलीकडच्या उतारावरून खाली आलेला लाल पट्टा, आणि त्यापासून चांगला लांब, पांढऱ्या भागात, तू पेनाने कॅम्पाभोवती काढलेला गोल. खाली लिहिलं होतंस, "अक्काच्या प्रोग्रॅमनं पास केलंय." तुझा पहिलाच रस्ता, कॅम्पाची जागा तू निवडलेली, साहेबांनी पाठ थोपटलेली. फोटो आण्णांना दाखवायला उठलेच होते. जाता जाता बोटांनी मोठा करून पाहिला आणि तिथेच बसले.

सम्मेद, पांढरं म्हणजे सुरक्षित नव्हे रे. पांढरं म्हणजे तिथलं गणित केलेलंच नाही. कॅम्पाच्या डोक्यावरचा डोंगर तुझ्या नकाशात नाहीच. नकाशाची कड मध्येच संपते आणि माथा शेजारच्या नकाशात राहतो. तू पलीकडच्या उताराचं विचारलंस, प्रोग्रॅमने पलीकडचं सांगितलं. मी शेजारचा नकाशा जोडला, यंदाच्या बर्फाचे आकडे घातले आणि चालवलं. लाल पट्टा तुमच्या शेडवरून गेला. बर्फ निम्मा केला, तरी तो आजऱ्याच्या बंडूच्या स्वयंपाकाच्या शेडपर्यंत आलाच. प्रत्येक वेळी वाटायचं, आता तरी अलीकडे थांबेल. पडद्यावर सगळं मुकाट घडतं, काही आवाज नसतो, आणि मी मात्र वेड्यासारखी "थांब, थांब" म्हणत होते. मग मनालीच्या अनुजाला तपासायला दिलं. आमच्यात बर्फाची खरी जाणकार तीच. कॅम्प कुणाचा ते तिला सांगितलं नव्हतं. तिचंही उत्तर तेच आलं, आणि तिने विचारलं, इथे कुणी राहत नाही ना?

तुला फोन केला तर तू हसलास. "अक्का, तू पंचगंगेत पाय बुडवायलाबी भितीस," म्हणालास. तिथल्या कुणा म्हाताऱ्याने सांगितलंय म्हणे, की त्याच्या उभ्या आयुष्यात त्या जागेवर काही आलेलं नाही. आणि मग आवाज खाली आणून, "साहेबास्नी कळलं तर कॅम्प हलवायला लागंल, माझं नाव जाईल. आण्णांची शपथ हाय तुला." पुढे रेंज गेली की तूच फोन ठेवलास, तुझं तुला ठाऊक.

आपल्या शिरोळच्या घराची पायरी आठव. २००५ ला पाणी तिसऱ्या पायरीला लागून परत गेलं आणि आण्णांनी तिथे रंगाची रेघ ओढली. २०१९ ला सगळी गल्ली सामान बांधून निघाली, तर आण्णा रेघेकडे बोट दाखवून म्हणाले, "हिच्या वर पाणी येत न्हाय. कवाच आलं न्हाय." तूही त्यांचीच री ओढलीस. दुपारी रेघ बुडाली, दिवस मावळायच्या आत उंबरा बुडाला, आणि आपण गच्चीवर. म्हशींची दावी आण्णांनी स्वतः कापली. एकही म्हैस परत आली नाही. बोटीत बसल्यावर ते पायरीच्या दिशेने बघत होते, आणि तिथे नुसतं गढूळ पाणी होतं. आपल्याकडची माणसं अशीच, मागच्या पुराच्या रेघेवर विसंबणारी. तुझा तो म्हातारा म्हणजे आपल्या पायरीवरची रेघच आहे. आणि पाणी निदान एकेक पायरी चढतं, सामान उचलायला वेळ देतं. बर्फ तेवढाही देत नाही.

आता खरं सांगते. हे पत्र तुझी परवानगी मागायला नाही. तू हे वाचशील तोवर दोन्ही नकाशे, अनुजाच्या नावासकट, तुझ्या साहेबांकडे आणि तिथल्या जिल्हा कचेरीत पोचलेले असतील. कॅम्पाची जागा धोक्याची आहे असं मी स्पष्ट लिहिलंय. जागा कुणी निवडली ते त्यांना माहीतच आहे. शपथही मोडली. आज सकाळी आण्णांना सगळं सांगितलं. वाटलं, माझ्यावर भडकतील, पोराचं नाव घालवलंस म्हणतील. तसं झालं नाही. ते म्हणाले, "त्याला लिव, रेघ बघत बसू नगंस. मी बसलतो." आणि उठून मागच्या दारी गेले. परवापासून तिकडे मोठा बर्फ पडेल असं सांगितलंय. तेव्हा माझ्यावर चीड, भाऊबीजेला येऊ नकोस, वर्षभर अबोला धर, मी चालवून घेईन. पण उद्या उजाडलं की बंडूला आणि सगळ्यांना घेऊन खालच्या गावात उतर. पोचलास की एक रिंग दे. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी उचलणारही नाही. नुसती रिंग दे.

तुझीच,
अक्का