मामाची तहान

७ एप्रिल १९९४, सांगली
माझा मिलिंद सहा वर्षांचं पोर, आणि दुपारपर्यंत अर्धा माठ रिकामा. लघवी नुसतं पाणी. साखर दोनदा तपासली, नाही. माझी आई कोरेगावहून आली आहे. त्याच्या घोटांचा आवाज आला की लाटणं हातातच थांबतं तिचं.

९ एप्रिल
शेवटी बोलली. "माजा दादा असाच प्यायचा." या मामाचं नाव घरात कुणी काढत नाही. "तवा आमी हिरीला शिवायचं न्हाई. कुनी वरनं वतलं तर वंजळीनं प्यायचं. दादा उनात बसून ऱ्हायला. कुनी आलंच न्हाई." तिथंच गेला तो. म्हटलं, आई, भलतंसलतं डोक्यात घेऊ नकोस. "आमी बौद्ध. मी असलं मानत न्हाई. पन तहान त्येचीच हाय."
रात्रभर मनानं त्या विहिरीपाशी होते.

१८ एप्रिल
मिरजेचे डॉ. म्हणाले, पाणी धरून ठेव असा निरोप मेंदूकडून मूत्रपिंडाला जातो. तो कुठं अडतो ते बघायचं. म्हणून सकाळपासून पाणी बंद, तासातासाला वजन, त्यांच्या नजरेखाली. मि. नुसता माझ्याकडे बघत होता. दुपारी वजन उतरायच्या ऐवजी चढलं! संडासला नेते म्हणून आईनं त्याला नळावर नेलं होतं. चाचणी फुकट. डॉ. भडकले, मीही. "पोराचं पानी तोडायला मला सांगू नगंस."

२ मे
कॉलेजच्या लायब्ररीत मासिक चाळलं. एका बारीक किड्यात इवलासा आरएनए सापडलाय. पेशीत निरोप नेणाऱ्या मोठ्या आरएनएला चिकटतो नि त्याचा निरोप दाबून टाकतो. माणसाच्या पाण्याशी याचा संबंध कुणी लावलेला नाही, मीच लावत बसले. माझ्या आज्यानं गावकीचं काम म्हणून जन्मभर गावोगाव मयतीचे निरोप पोचवले. आणि आमच्याच अंगात निरोप अडावा...
असो. पेपर तपासायचे आहेत.

१२ मे
चाचणी पुन्हा. आई बाहेर बाकावर, तिनंही सकाळपासून पाणी सोडलेलं. मेंदूचा तोच निरोप देणारं औषध नाकात घातलं तरी लघवी तशीच. निरोप पोचतो, मूत्रपिंड ऐकत नाही. डॉ. म्हणाले, हे बहुधा आईकडून मुलाकडे येतं, गोळ्यांनी थोडं कमी होईल, पण पाणी कधीही अडवू नका. मामा, आई, मी, मि. हे आईकडून येतं, एवढं आईला सांगितलं नाही. मला स्वतःचीच भीती वाटते.

१४ जून
शाळा सुरू. वर्गाच्या बाईंशी आधीच बोलून आले होते. हवं तेव्हा पिऊ दे, म्हणाल्या. दप्तरात मोठी बाटली.
मि. परत आला तो ओठ फुटलेले, डोळे आत. बाटली काठोकाठ.
"बाईंनी नाही म्हटलं?"
"मी विचारलंच नाही. बसून राहिलो. म्हटलं, त्याच सांगतील."
याला हे कुणी शिकवलं? त्याच्यासमोर आम्ही मामाचं अवाक्षर काढलेलं नाही.
आई दारात उभी होती, ऐकत. तांब्या भरून तिनं त्याच्या हातात दिला. उद्या शाळेच्या फाटकाशी बसते म्हणाली. मी नको म्हटलं नाही.