तीनदा घरी पोचवलेल्याचं मृत्युपत्र

मी, खाली सही करणारा, वय तेवीस, धंदा लिफ्टचे दरवाजे बसवणे, शिक्षण सातवीपर्यंत, पूर्ण शुद्धीत हे लिहितो आहे. कुणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतकं जवळचं माणूस इथे मला नाही. आधी कधी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे जुनं रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

मागच्या महिन्यात माझा कामावरचा जोडीदार अकराव्या मजल्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात गेला. त्याचं सगळं त्याच्या थोरल्या भावाला मिळालं. या भावाचं नाव निघालं की जोडीदार थुंकायचा. भाऊ आला आणि हेल्मेटसुद्धा पिशवीत घालून घेऊन गेला. ते बघून मी कंपनीच्या कारकुनाकडे माझा फॉर्म मागितला. वारसाच्या रकान्यात त्याने आपल्याच मनाने माझ्या वडिलांचं नाव टाकून ठेवलं होतं. त्या नावाचा माणूस जगात नाही. मेला म्हणून नव्हे. तो कधी नव्हताच. म्हणून हा कागद.

कलम १. ओळख. मी बारा वर्षांचा असताना पहिल्यांदा घरातून पळालो. कारण वडिलांच्या कमरेच्या पट्ट्याला माहीत आहे. शहरात घरातून पळालेल्या पोरांसाठी एक निवारागृह आहे, तिथे पोचलो. तिथल्या अधीक्षकांनी चहा दिला, पाठीवर हात ठेवला, घरचा पत्ता विचारला. मी मूर्ख, सांगितला. दुसऱ्या दिवशी वडील नवा शर्ट घालून हजर. अधीक्षक म्हणाले, "बघ, किती काळजी करतात तुझी." वहीत लाल शिक्का मारला: यशस्वी पुनर्मिलन.

दुसऱ्या वर्षी तसंच. तिसऱ्या वेळी तर वडिलांना चहाबरोबर बिस्किटंही मिळाली, ओळखीचे झाले होते ना. त्या गृहाच्या वार्षिक अहवालात पोरं घरी पोचवल्याचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. पोरगं परत का आलं हा रकाना त्यांनी छापलेलाच नाही. त्यामुळे मी त्यांच्या हिशेबी एक नापास पोरगा नसून तीन यशं आहे. शाळेत एवढे मार्क मला कधी मिळाले नव्हते.

चौथ्या वेळी मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरलो. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी हातातलं लाटणं खाली न ठेवता मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"परत आलास?"

"हो."

"पाठ दाखव." पाहिली. मग म्हणाल्या, "अधीक्षक नवे आलेत, तुला ओळखत नाहीत. कचेरीत नाव खोटं सांग. बापाचं पण. गाव असं सांग की पत्र जायलाच महिना लागेल."

"आणि शोधलं तर?"

"शोधू देत की. नाहीतरी काय काम असतं त्यांना."

मी एक बाप तयार केला. नाव दिलं, गाव दिलं, वर एक पानाची टपरीही दिली. नव्या अधीक्षकांनी त्याला दोन वर्षं शोधलं. त्या दोन वर्षांत मी जेवलो, झोपलो, आणि गृहाची दारं दुरुस्त करायला येणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकलो. कामाचा दाखला त्याच खोट्या नावाने मिळाला, त्यावर नोकरी लागली, आणि कारकुनाने वारस लावला तो त्या टपरीवाल्याला. त्या बापाबद्दल माझी तक्रार नाही. त्याने कधी हात उगारला नाही. पण माझी मिळकत त्याला देता येत नाही, म्हणून जाहीर करतो की खऱ्या नावाचा आणि खोट्या नावाचा असे दोघेही मीच. मावशी आता निवृत्त आहेत, तेव्हा त्यांचं वाकडं करायला कुणी जाऊ नये.

कलम २. वडील. त्यांना काही नाही. चुकून नाव राहिलं असं समजू नये. पट्टा त्यांच्याकडे आहेच.

कलम ३. पहिले अधीक्षक. ज्या अहवालांत मिळून मी तीनदा आहे त्यांच्या प्रती माझ्या पेटीत आहेत, त्या त्यांना द्याव्यात. त्यांनी माझं मरण चौथं यश म्हणून धरायला हरकत नाही. यावेळी मी परत येणार नाही, हे त्यांना आवडेल.

कलम ४. समुपदेशक बाई. त्या दर मंगळवारी गृहात यायच्या आणि घराचं चित्र काढायला लावायच्या. मी एक दार काढलं आणि त्याला आतून भलीमोठी कडी. बाईंनी खाली लिहिलं, "मुलाला घराची ओढ आहे." चित्र त्यांनी फायलीत ठेवलं असेल. त्यावरचा माझा हक्क मी सोडतो. एकदा चष्मा पुसून परत बघावं, एवढी विनंती.

कलम ५. विश्वस्त मंडळ. जुने स्वेटर वाटून पोरांबरोबर फोटो काढणाऱ्यांना माझा स्वेटर परत. कोपराला भोक आहे. ते देतानाही होतं.

कलम ६. हत्यारं. ड्रिल मशीन, पान्यांचा संच, पाणसळ हे खोलीतल्या सोबत्याला, म्हणजे रंगाऱ्याला. त्याला उपयोग नाही, पण विकून खाणार नाही असा तो एकच आहे. ओळंबा मिस्त्रीला परत. त्याचाच आहे, निघताना मी न विचारता उचलला होता. रागावला असेल तर आता मिटवावं.

कलम ७. बँकेत जे असेल ते आणि कंपनी जे देईल ते सगळं माझ्या धाकट्या बहिणीला, वय पंधरा. ती अठराची होईपर्यंत मावशींनी सांभाळावं. त्यांना हिशेब विचारू नये.

कलम ८. खोली. निवारागृहाच्या मागच्या गल्लीत, मावशींच्या शेजारी, मी एक खोली भाड्याने घेतली आहे. मी तिथे एक दिवसही राहिलेलो नाही. दार मी स्वतः बसवलं आहे. गृहातल्या दारांना कड्या बाहेरून होत्या. या दाराला तीन आहेत, तिन्ही आतून. बाहेरच्या कुलपाची एक किल्ली मावशींची, दुसरी बहिणीची, तीही सध्या मावशींकडेच.

गेल्या रविवारी तिने मैत्रिणीच्या फोनवरून फोन केला. म्हणाली, "दादा, बाबांनी माझं दप्तर माळ्यावर टाकलं."

"मारलं?"

ती म्हणाली, "तू चारदा गेलास. एकदा तरी मला उठवायचंस."

इतरांचा हिशेब वर केला, माझा इथे करतो: मीही तिला चारदा त्याच माणसाच्या घरात ठेवून आलो. शिक्का तेवढा मारला नाही. मी तिला गल्ली समजावून सांगितली. गृहाच्या पुढच्या फाटकाने जायचं नाही, कुणी चहा दिला तरी पत्ता सांगायचा नाही, सरळ मावशींचं दार.

हा कागद तपासणारे वकील म्हणाले, "अरे, भावाला बहिणीचा ताबा असा मृत्युपत्रातून कुणाला देता येत नाही."

ताबा देत नाही. किल्ली देतो आहे.

वकील पुन्हा म्हणाले, "आणि मृत्युपत्र माणूस मेल्यावर चालतं रे बाबा. किल्ली आज कशी देशील?"

म्हणून स्पष्ट लिहितो. वरची सात कलमं मी मेल्यावर. आठवं आजपासून. ती कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी दारात आली तर मावशींनी मला विचारू नये, कुणाला कळवू नये, किल्ली तिच्या हातात द्यावी. कायद्याची अडचण असेल तर या एका कलमापुरतं मला मेलेला धरावं.

सही: पाना (कामावर मला याच नावाने ओळखतात, खरं आणि खोटं, दोन्ही नावं वकिलांकडे बंद पाकिटात)

साक्षीदार १: रंगारी, खोलीतला सोबती. वाचून सही केली.
साक्षीदार २: क्रेन चालवणारे काका. वाचता येत नाही, रंगाऱ्याने वाचून दाखवलं. आठवं कलम दोनदा वाचायला लावलं, मग अंगठा दिला.

ठिकाण: कामगारांची चाळ, खोली नऊ
तारीख: १४ फेब्रुवारी, दुपारच्या सुट्टीत