माझ्या 'हूं'वर विषय ठरवू नका

श्रेया,

मी अजिंठ्याला माझ्या भावाकडं, कडूबाकडं जातेय. तो आजारी नाय, उगाच घाबरू नकोस. तुमच्या कटकटीत घरात बसवेना, म्हणून चालले.

काल जेवताना तू म्हणालीस, "आजीला पण वाटतं मी इतिहास घ्यावा." तुझा बाप सुदर्शन ताट सरकवून म्हणाला, "आईनंच मला सांगितलं, कॉम्प्युटरला घाल म्हणून." मी कधी सांगितलं? मागं तू बोलत होतीस तेव्हा मी कणीक मळत होते, हूं म्हटलं. सुदर्शन बोलत होता तेव्हा चहा गाळत होते, त्यालाही हूं म्हटलं. कुणी बोलत असलं की हूं म्हणायची सवय आहे मला. त्याचा तुम्ही कौल केलात!

मला अक्षर येत नव्हतं तेव्हा जो तो माझा अंगठा धरून पाहिजे तिथं उठवायचा. साठीला आल्यावर वर्गात बसून लिहाय-वाचायला, सही करायला शिकले, ते काय यासाठी? आणि तू एवढी शिकलेली, बापापुढं तोंड उघडायला तुला माझा पदर लागतो. लई झालं.

आज प्रवेशाचा शेवटचा दिवस आहे. इतिहास हवा असेल तर "मला हवा" असं त्याला स्वतः सांग. ओरडला तर ओरडू दे. टोपलीत भाकरी आहे, वाटीत ठेचा आहे. आधी त्याला जेवू घाल, मग बोल.

संध्याकाळी फोन कर. काय घेतलंस तेवढंच सांग. मी हूं म्हणेन.

तुझी आजी,
मनकर्णा