उंबरमाचीचा बुधवार

पुणे
श्रावण, २००४

प्रिय बानो,

"हिचे पाय घरात कधी ठरले नाहीत, आता तूच सांभाळ बाई," असं तुझ्या अम्मी मला म्हणाल्या होत्या. नर्सच्या नेमणुकीची पत्रं आपल्या दोघींना एकाच टपालानं आली, त्या दिवशी. तुला वेल्ह्याच्या वरच्या वाड्या मिळाल्या आणि मला त्यांच्या पायथ्याची गावं. तुमच्या भोरच्या घरात शेवया खाताना मी मोठ्या तोऱ्यात "सांभाळते" म्हटलं खरं, पण तुझ्या सोबतीला म्हणून चढलेल्या पहिल्याच चढावर कोण कुणाला सांभाळणार ते ठरून गेलं. मी कामथडीची, सपाटीवर वाढलेली. धाप लागून मागे राहायचे. तू पुढे, खांद्याला लशींचा थर्मास. त्यात बर्फ किणकिणायचा. धुक्यात तू दिसेनाशी झालीस की मी त्या आवाजामागून चालायचे.

माझ्या बातम्या तुला तुकड्यातुकड्यानं कळत असतील. मी परीक्षा देत गेले, वर वर सरकत गेले आणि आता जिल्ह्यातल्या सगळ्या परिचारिका माझ्या हाताखाली आहेत. जीप आहे, खोलीबाहेर शिपाई आहे. सभांमध्ये बसून बसून गुडघे आखडतात. बढतीचा अर्ज मी तुझ्यासमोरही ठेवला होता, आठवतं? तू म्हणालीस, "मला खुर्चीत कोंडू नकोस भिमे, मी मरेन." आणि मग ब्याण्णवच्या पावसाळ्यात उंबरमाचीवरून उतरताना तू घसरलीस. कमरेखालचं आता परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तू भिंतीकडे पाहत होतीस. टेबलाचं काम देऊ केलं, तर तू राजीनामा पाठवलास. तेव्हापासून तू त्याच खिडकीपाशी, त्याच पलंगावर. मी सणावारी येते, आपण चहा पितो, पण चालण्याचा विषय कधी काढत नाही. आज काढते आहे. रागावू नकोस.

आषाढात स्नेहल नावाची मुलगी माझ्यासमोर येऊन रडली. उंबरमाची आता तिच्याकडे आहे. नवीन आहे, पण कामचुकार नाही. तिला बदली हवी होती. म्हणाली, "मॅडम, तिथल्या बायका पोरं माझ्या हातात देतच नाहीत. म्हणतात, आमचं झालंय." असली कारणं मी आयुष्यभर ऐकली आहेत. कधी पोराला ताप येतो, कधी धनी घरी नसतो, कधी सासूबाई रानात गेलेल्या असतात. तिला म्हटलं, पुसा डोळे, येत्या बुधवारी लस टोचायला मी येते तुमच्याबरोबर.

भर दुपार होती, पण ढग इतके खाली उतरले होते की स्वतःच्या चपलाही धड दिसत नव्हत्या. निम्म्या चढावर मला पुढे बर्फ किणकिणल्याचा आवाज आला. मी थांबले की तो थांबायचा, मी चालले की पुन्हा सुरू. आधी वाटलं, स्नेहलच्या डब्यातून येत असेल. पण तिचा डबा नव्या पद्धतीचा. त्यात बर्फ बंद पाकिटात गोठवलेला असतो, तो वाजत नाही. आणि स्नेहल तर माझ्या मागे होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पुढे कुणी गेलंय का गं?" तिनं माझा हात धरला. म्हणाली, "तुम्हालाही ऐकू येतंय ना, मॅडम? मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय."

वर सखूबाई ओसरीत वाल सोलत बसली होती. तुझी सखूबाई, जिची अडलेली तिन्ही बाळंतपणं तू सोडवलीस. पार वाकली आहे, जीभ मात्र तशीच. मला बघून म्हणाली, "या सायेब. लई दिसांनी वाट घावली." मी विचारलं, पोरांना लस का देत नाही? तर म्हणाली, "दिलीया की. बानोताई आत्ता तर हितनं उतरल्या. वाटंत गाठ न्हाई पडली?" मी म्हटलं, बानोताई पडल्या होत्या, तुम्हाला ठाऊक नाही का? "ठाव हाय की. आमच्याच मान्सांनी डोलीतनं उतरवल्या न्हवं? पर बऱ्या झाल्या. त्या पडून उठल्या, तरी दर बुधवारी येत्यात. तुमी तर धडधाकट, तुमाला कशानं येळ लागला?" ओसरीतल्या बायका पदराआड हसल्या.

मी पोरांचे दंड बघितले. एकूण एक पोराच्या डाव्या दंडावर क्षयाच्या लशीचा व्रण आहे, आणि तो नेहमीच्या जागेहून बोटभर खाली आहे. तिथं कोण टोचायचं हे जिल्ह्यात मला एकटीला ठाऊक आहे. त्यावरून मीच तुला चिडवायचे. स्नेहलनं सुई काढली तेव्हा चारेक वर्षांच्या एका पोरानं, कुणी काही सांगायच्या आत, मान वळवून भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "मुंगी कुठं हाय?" टोचताना पोराला भिंतीवरची मुंगी दाखवायची युक्ती तुझी. ते पोर तू पडलीस त्यानंतर कित्येक वर्षांनी जन्मलेलं. सखूबाईनं त्याला लगेच मागे ओढलं. "बानोताई येत्यात तवर दुसरीच्या हातात पोर द्याचं न्हाई. त्यांना काय वाटंल? त्या एका बुधवारी जरी आल्या न्हाईत, तर मग देऊ ह्या पोरीच्या हातात."

म्हणून पुढच्या बुधवारी मी तुझ्याकडे आले. तुला वाटलं, तालुक्याला काम होतं. मी पोचले तेव्हा तू झोपली होतीस, आणि तुझा श्वास चढ चढणाऱ्या माणसासारखा चालला होता. मी दोनदा हाक मारली, खांदा हलवला. तू उठली नाहीस. तुझ्या शाहीनभाभी मला चुलीपाशी घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, घाबरू नका. बुधवारी त्या अशाच झोपत्यात. उठल्या की तळव्यांना लाल माती असती. मी धुऊन काढते. ह्यांनाबी सांगितलं न्हाई." मी परत आत येऊन पायाशी बसले. तू जागी झालीस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. तू चहा मागितलास, मी दिला. माझी नजर तुझ्या तळव्यांकडे गेली, ते तू पाहिलंस. पांघरूण तू पायांवर ओढून घेतलंस, तेही मी पाहिलं.

हे असंच राहू दिलं असतं, बानो. स्नेहलची बदली केली असती आणि कुणाला काही सांगितलं नसतं. पण परवा उंबरमाचीवर गोवर उठला. एखाद्याला झाला असता तर टोचूनही कधीकधी होतो, अशी मी मनाची समजूत घातली असती. एकदम चौघांना झाला आहे. सखूबाईची नात छातीत कफ भरून दवाखान्यात आहे. तिच्या दंडावर तुझा व्रण आहे. तुला हे माझ्याशिवाय कुणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते. तुझ्या हातून खूण उमटते, पण पोराच्या अंगात काही पोचत नाही. वाडीत अजून गोवर न झालेली तान्ही पोरं आहेत, आणि त्यांच्या आया तुझी वाट बघत बसल्या आहेत.

येत्या बुधवारी जेवण झाल्यावर आडवी होऊ नकोस. मी सकाळच्या एसटीनं येते आणि दिवे लागेपर्यंत तुझ्याजवळ बसते. लागेल तेवढा चहा करू, अम्मींच्या गोष्टी काढू, भांडू हवं तर. तेवढ्या वेळात स्नेहल वर जाऊन येईल. एकदा तू गेली नाहीस तर ती वाट तुला पुन्हा सापडेल की नाही, मला माहीत नाही. बहुतेक नाही सापडणार. तुझ्याजवळ तेवढंच चालणं उरलं आहे आणि मी नेमकं तेच मागते आहे, हे कळतं मला. तू नाही म्हणशील. कसली वाट नि कसली माती म्हणून हसशील, मला माझ्या गुडघ्याचं विचारशील आणि बुधवारी मी पोचायच्या आधीच डोळे मिटलेले असतील. तरी मागते. एक बुधवार जागी राहा.

अजूनही तुझीच,
भिमा